देशी झाडांचा शनिवार-रविवार: बी-रोपांची अदलाबदल कशी भरवावी

तारीख आधी ठरवा, आणि ती कालनिर्णय बघून नाही, झाडांकडे बघून. दिवाळीची सुट्टी किंवा २६ जानेवारीला जोडून आलेला रविवार सगळ्यांना सोयीचा असतो, फोटोही छान येतात, पण टेबलावर मांडायला बी कुठून आणणार? आम्ही साताऱ्यात मे महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार धरतो. तोवर पळसाच्या चपट्या शेंगा वाळून खाली आलेल्या असतात, काटेसावरीची बोंडं फुटलेली असतात, करंजाच्या शेंगा हव्या तेवढ्या मिळतात आणि बहाव्यावर पिवळ्या फुलांच्या शेजारीच गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा लोंबत असतात. शिवाय पाऊस तोंडावर आलेला असतो. घरी नेलेलं बी लोक पंधरा दिवसांत मातीत घालतात. जानेवारीत नेलेलं बी फ्रीजच्या वर ठेवलेल्या डब्यात जातं आणि तिथेच राहतं.

जागा म्हणजे शाळेचा हॉल, बाहेर रुंद वऱ्हांडा असलेला. मैदानात मांडव घालायचा मोह टाळा. मे अखेरीला दुपारी चार वाजता वळीव कधी कोसळेल याचा भरवसा नाही आणि भिजलेल्या पुड्यांचं काही करता येत नाही. रोपं वऱ्हांड्यात, बी आत.

निमंत्रणाचा मेसेज छोटा ठेवा, पण त्यात एक अट ठळक लिहा: रानातून उपटलेलं काहीही आणायचं नाही. आमच्याकडे हे सांगावंच लागतं, कारण कास हाकेच्या अंतरावर आहे. पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण म्हणून कोणी कंदीलपुष्पाचा कंद खणून पिशवीत घालायचं थांबतो असं नाही. झाडावर वाढणारी आमरी (ऑर्किड) फांदीसकट तोडून आणणारेही असतात, आणि वर 'वाचवली' म्हणतात. अशी वस्तू टेबलावर घेऊ नका, कौतुकही करू नका. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून तर पडलेली शेंगसुद्धा उचलायची नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न येतो. बी गोळा करायला रस्त्याकडेची झाडं, देवळाचं आवार, शेताचा बांध, सोसायटीचं कुंपण एवढं पुष्कळ आहे. एकाच झाडाखालचं सगळं झाडून आणू नये, चार-पाच झाडांखालचं थोडं थोडं घ्यावं. पक्ष्यांना आणि जमिनीलाही काही राहू द्यावं.

आता चिठ्ठी. माझा जन्म पोस्टात गेला, आणि चिठ्ठी नसलेली बियांची पुडी मला पत्ता नसलेल्या पाकिटासारखी दिसते. ती टेबलावर घ्यायचीच नाही, दारातच पेन द्यायचं. पुडीवर चार गोष्टी हव्यात: झाडाचं नाव, माहीत असेल तर शास्त्रीय नाव, कुठून गोळा केलं ते गाव, आणि महिना-वर्ष. शास्त्रीय नावाला लोक कंटाळतात, पण उपाय नाही. 'अंजन' लिहिलेल्या दोन पुड्या शेजारी शेजारी येतात. एक महाबळेश्वरच्या धुक्यात वाढणारी, जांभळ्या-निळ्या फुलांची मेमेसिलॉन, दुसरी खानदेशच्या कोरड्या टेकड्यांवरची हार्डविकिया. पहिलीला मुरमाड रानात लावलंत तर ती रुसणार, दुसरीला घाटावरच्या पावसात लावलंत तर मुळं कुजणार. गावाचं नाव लिहायचं तेही याचसाठी. महिना-वर्ष लिहायचं कारण उघड आहे, पळसाचं जुनं बी रुजत नाही आणि दिसायला मात्र ताज्यासारखंच दिसतं.

पुडी कागदाची. वाण्याची पुडी बांधता येणारी एखादी आजी शोधून शनिवारी संध्याकाळी तिला गच्चीवर बसवा, बाकीचे तिच्याकडून शिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि दोन दिवसांत बुरशी धरते.

शनिवारची संध्याकाळ बी साफ करण्यासाठीच ठेवा. खरा मेळावा हाच असतो, रविवारी फक्त गर्दी असते. पाच वाजता सतरंज्या टाकायच्या, वर्तमानपत्रं पसरायची. बहाव्याची शेंग हाताने मोडत नाही, ती जमिनीवर ठेवून दगडाने ठोकायची. आत पातळ चकत्यांचे कप्पे असतात, प्रत्येक चकतीला काळा चिकट गर, आणि दोन चकत्यांच्या मध्ये एकेक चपटं तांबूस बी. गराला गोडसर, जरा आंबूस वास येतो आणि बोटं काळी होतात, म्हणून बादलीभर पाणी शेजारी हवं. बी धुऊन पसरलं की पुढचं काम पॉलिश पेपरचं. हे बी इतकं टणक असतं की तसंच पेरलं तर वर्षभर मातीत पडून राहू शकतं. ज्या टोकाला बी देठाला जोडलेलं होतं ते टोक सोडायचं आणि दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपरवर चार-सहा वेळा घासायचं, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जी फुगून दुप्पट झाली ती पेरायला तयार, जी तशीच राहिली ती परत घासायची. पोरांना हे काम द्या, फार मन लावून करतात. फक्त लक्षात ठेवा, भिजवलेलं बी पुडीत बांधायचं नाही. वाटायचं ते कोरडंच. भिजवलेलं तिथेच पिशव्यांत लावा, रोपांच्या पुढच्या खेपेला उपयोगी पडेल.

काटेसावर उघड्यावर साफ करू नका, कापूस नाकातोंडात जातो. पळसाचं काम सोपं, शेंगेच्या टोकाला एकच बी असतं. गुंजेच्या बिया आल्या तर त्या बंद बरणीत, मोठ्यांच्या टेबलावर आणि वर 'विषारी' असं लाल अक्षरात. दिसायला सुंदर असतात म्हणूनच भीती. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो, तो ठेचायला कोणाला देऊ नका.

रविवारी सकाळी साडेसहाला फेरी. आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची वाट धरतो, तुमच्याकडे असेल ती टेकडी. वीसच्या वर माणसं एका गटात नकोत, मागच्यांना ऐकू जात नाही. फेरीत काय लावावं यापेक्षा काय आधीच आहे ते दाखवा. गिरिपुष्पाच्या हिरव्यागार पट्ट्यात शिरलं की खाली दुसरं फारसं काही उगवलेलं का दिसत नाही, हा प्रश्न लोक आपणहून विचारतात. मेक्सिकोकडून आलेलं हे झाड आपल्या टेकड्यांवर वृक्षारोपणात सगळीकडे लागलं. त्यावर भाषण नको, पुढच्या वळणावर मेडशिंग किंवा वारस असं एखादं देशी झाड दाखवलं की पुरे.

आठ वाजता हॉल उघडा. टेबलं तीन. पहिलं बियांचं, दुसरं रोपांचं, तिसरं ओळखीचं. तिसऱ्या टेबलावर वनस्पतिशास्त्र शिकवलेले एखादे निवृत्त सर बसवा, हातात भिंग आणि समोर चहा. लोकांना सांगून ठेवा की सुटं पान आणू नका, तेवढ्यावरून ब्रह्मदेवालाही नाव सांगता येणार नाही. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसेल अशी वीतभर डहाळी, आणि असलं तर फूल किंवा फळ. या टेबलाला सगळ्यात जास्त गर्दी होते, सरांना जेवायची आठवण करून द्यायला माणूस नेमा.

अदलाबदलीचा नियम सरळ ठेवा. 'एक द्या, एक घ्या' असा हिशोब मांडलात तर कढीपत्त्याच्या रोपाच्या बदल्यात सीतेचा अशोक मिळावा की नाही यावर वाद होतो. आमच्याकडे ज्यांनी काही आणलं त्यांना पहिला अर्धा तास, नंतर सगळ्यांना मोकळं. बी माणशी एका जातीचं पाचच, ओंजळ भरून नेणारा पेरत नाही. रोप घेताना पिशवीचा तळ बघायला शिकवा. मूळ गोल गोल गुंडाळलेलं असेल तर लावताना तो गुंता कापावा लागतो. फुलपाखरांसाठी काही हवं असं कोणी म्हणालं की रुई, कढीपत्ता आणि माकडलिंबू पुढे करा. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळावरच अंडी घालतं.

गुलमोहराचं रोप घेऊन कोणीतरी येतंच. मायेने वाढवलेलं असतं, चेहऱ्यावर अभिमान असतो. "काका, हे मादागास्करचं, इथे चालत नाही" असं चारचौघांत म्हणू नका. ते वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात ठेवून घ्या, तामणाचं रोप हातात द्या आणि हे आपल्या राज्याचं फूल आहे एवढं सांगा. पुढच्या वर्षी काका तामणाच्या बिया घेऊन येतात. कॉसमॉस, सुबाभूळ आणि घाणेरी ही बाहेरून आलेली आणि आपोआप पसरणारी, ती मात्र अजिबात ठेवून घ्यायची नाहीत. नारिंगी कॉसमॉसच्या पुड्या सगळ्यात सुबक बांधलेल्या असतात, भुलू नका.

भाषण एकच, दहा मिनिटांचं. पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ यांत सकाळ जाते. खायला पोहे, प्यायला कोकम सरबत, पेला ज्याचा त्याने आणायचा. साडेबाराला हॉलचा पंखा बंद करा, म्हणजे लोक निघतात.

उरलेलं बी टेकडीवर उधळायची सूचना येणारच. उन्हात भाजून नाहीतर मुंग्या-उंदरांच्या पोटात जाऊन त्यातलं किती उगवणार? सोमवारी चौघांनी बसून ते पिशव्यांत लावा: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. जांभूळ आणि कडुनिंब मागणाऱ्यांची नावं वहीत वेगळी लिहून घ्या. त्यांची फळं जून-जुलैत पिकतात आणि बी ठेवून टिकत नाही, तेव्हा त्यांना जुलैच्या दुसऱ्या रविवारी परत बोलवा. या वेळी लावलेली रोपंही तोवर वीतभर होतात, तीही त्याच दिवशी द्या.