दर आठवड्याची ओटी (ओव्हरटाइम): करारात काय लिहायचं, पगारपत्रकात काय तपासायचं

ऑर्डर अडकली म्हणून महिन्यातून एखाद्या दिवशी दोन तास थांबणं वेगळं आणि दर रविवारी मेंटेनन्ससाठी तीच सहा माणसं बोलावणं वेगळं. पहिलं सुपरवायझर तोंडी निभावून नेतो. दुसरं तोंडी चालू राहिलं की काही महिन्यांत 'त्यालाच का' आणि 'मलाच का' हे दोन्ही वाद एकदम उभे राहतात. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातले बहुतेक करार तीन-साडेतीन वर्षांसाठी होतात. त्यात पगारवाढीवर पानंच्या पानं असतात आणि ओटीवर एकच ओळ: 'कायद्याप्रमाणे देण्यात येईल'. ही ओळ पुरत नाही, कारण कायदा किमान दर आणि कमाल तास सांगतो. कोणाला थांबवायचं ते सांगत नाही.

आधी कायद्याची चौकट

१९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. दुप्पट दर तिथेही आहे, पण दिवसाची मर्यादा ८ तासांची आहे, ओटीला कामगाराची संमती लागते आणि दिवसाचा हिशोब की आठवड्याचा, यातला कामगाराच्या फायद्याचा धरायचा असतो.

याचा फरक असा पडतो. मंगळवारी १२ तास काम केलं आणि शुक्रवारी खाडा झाला. आठवड्याचे तास भरले ४४, म्हणजे आठवड्याच्या हिशोबाने ओटी शून्य. दिवसाच्या हिशोबाने ४ तास. टाइम ऑफिसचं (हजेरी खात्याचं) सॉफ्टवेअर फक्त आठवड्याची बेरीज करत असेल, तर हे चार तास गुपचूप गायब होतात. पगारी रजा आणि सणाची सुट्टी ४८ तासांत धरायची, हेही करारात स्पष्ट लिहा. नाहीतर ज्या आठवड्यात सुट्टी, त्या आठवड्यात ओटीवरून भांडण ठरलेलं.

तिमाहीत जास्तीत जास्त किती तास ओटी, ही मर्यादा राज्य ठरवतं. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. करारात आकडा न घालता 'त्या वेळी लागू असलेली मर्यादा' असं लिहिलेलं बरं. तिमाही १३ आठवड्यांची. दर रविवारी ८ तास म्हटले तरी १०४ तास तिथेच संपतात. ११५ च्या हिशोबाने अख्ख्या तिमाहीत उरतात फक्त ११ तास, १४४ च्या हिशोबाने ४०. म्हणून रविवारच्या यादीतल्या माणसाला मधल्या वारी थांबवण्याआधी त्याचे तिमाहीचे तास बघायलाच हवेत. एकाच मशीनवर दर तिमाहीत मर्यादेपर्यंत ओटी लागत असेल, तर तिथे एक जागा रिकामी आहे. सलग दोन तिमाह्या असं झालं की भरतीवर चर्चा करायची, असं कलम युनियनने मागून घ्यावं.

फेरा (ओटीची पाळी) कसा लावायचा

ओटीची यादी खात्यानुसार आणि कौशल्यानुसार वेगळी करा. फिटर, इलेक्ट्रिशियन, ऑपरेटर आणि हेल्पर एकाच यादीत घातले की फेरा पहिल्याच आठवड्यात मोडतो. प्रत्येकाच्या नावापुढे तिमाहीत केलेले तास लिहायचे. ज्याचे सर्वांत कमी, त्याला आधी विचारायचं. तास समान असतील तर सेवाज्येष्ठता.

खरी गोम नकाराची. विचारल्यावर जो 'नाही' म्हणाला, त्याच्या खात्यात तेवढे तास 'विचारले' म्हणून धरायचे. असं केलं नाही, तर नकार देणारा कायम यादीच्या टोकाला राहतो, सुपरवायझर प्रत्येक वेळी त्याच्यापासून सुरुवात करतो आणि वैतागून शेवटी जवळच्या माणसालाच थांबवतो. हे तास फक्त फेऱ्यासाठी. कायद्याच्या मर्यादेत आणि पगारात ते येत नाहीत, म्हणून दोन रकाने हवेत. नवीन माणूस किंवा लांब रजेवरून आलेला शून्यापासून सुरू करू नये, यादीच्या सरासरीवर बसवावा. नाहीतर महिनाभर सगळी ओटी त्याच्याच वाट्याला जाते.

रविवारसारख्या ठरलेल्या ओटीची यादी गुरुवारी दुपारपर्यंत नोटीस बोर्डावर लागावी. ऐनवेळच्या ओटीसाठी शिफ्ट सुटायच्या किमान दोन तास आधी विचारावं. प्रत्येक वेळी ओटी चिठ्ठी फाडून तिच्यावर कामगाराची सही घ्यावी. करारावर युनियनची सही आहे म्हणजे सगळ्यांची संमती आली, असं मालकाने गृहीत धरू नये. महिला कामगारांना संध्याकाळी ७ नंतर थांबवायचं असेल, तर संमतीबरोबर सुरक्षित वाहनाची सोयही करावी लागते. बस सगळ्यांसाठीच ठरवून ठेवा: शिफ्टची बस निघून गेल्यावर एमआयडीसीतून घरी जायचं कसं, या एका प्रश्नापायी निम्मे नकार येतात. तीन तासांपेक्षा जास्त थांबवलं तर जेवण, हेही लिहून घ्या.

फेरा चुकला, मधल्याला डावलून खालच्याला बोलावलं, तर काय? पुढची ओटी आधी डावललेल्याला, आणि तीच चूक त्या तिमाहीत दुसऱ्यांदा झाली तर तेवढ्या तासांचे पैसे काम न करता. दुसरा भाग व्यवस्थापन सहजी मान्य करत नाही, पण तो असला की यादी नीट पाळली जाते.

दर काढताना

पगार २०,८०० धरू: बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,६००, बाकी भत्ते ५,२००. भागायचं २६ दिवस गुणिले ८ तास, म्हणजे २०८ ने. सगळा पगार धरला तर तासाला १००, दुप्पट २००. फक्त बेसिक-डीए धरले तर ७५, दुप्पट १५०. काही ठिकाणी ३० दिवस धरून २४० ने भागतात. मग २०० चे १७३ रुपये ३३ पैसे होतात. महिन्याला १६ तास ओटी करणाऱ्याचे यात ४२७ रुपये जातात.

जुन्या अधिनियमात बोनस आणि ओटी वगळून बाकीचे भत्ते दरात येत. नव्या संहितांच्या व्याख्येत वेतन म्हणजे मुख्यतः बेसिक आणि डीए. घरभाडे, वाहनभत्ता वगैरे बाहेर. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेल्या, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. वरच्या उदाहरणात बेसिक-डीए फक्त ८,३२० असते, तर दर ८,३२० वर नव्हे, १०,४०० वर काढावा लागला असता: तासाला ५०, दुप्पट १००. करारात याहून चांगला पाया लिहायला आडकाठी नाही. म्हणून 'ओटीसाठी वेतन म्हणजे' असं म्हणून एकेक भत्ता नावानिशी लिहा. वाढ बेसिकमध्ये न घालता शिक्षण भत्ता, धुलाई भत्ता अशी वाटली गेली, तर हातात येणारा पगार वाढतो आणि ओटीचा दर होता तिथेच राहतो. करारवाढीच्या आनंदात हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

डीए महागाई निर्देशांकाला जोडलेला असेल, तर तो बदलला की ओटीचा दरही बदलायला हवा. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ओटीचा दर हाताने टाकलेला असला की तो जुनाच राहतो.

रविवारच्या कामाबद्दल एक गैरसमज पक्का आहे: बदली सुट्टी दिली की दुप्पट पैसे द्यायला नकोत. बदली सुट्टी हा साप्ताहिक सुट्टीचा हक्क. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या तासांचा दुप्पट दर हा वेगळा हक्क. सुट्टी त्याच आठवड्यात मिळाली आणि तास ४८ च्या आत राहिले, तर गोष्ट निराळी. तिथेही रविवारचा वेगळा दर हवा असेल तर तो करारातूनच येईल.

मिनिटांची गोळाबेरीजही ठरवून टाका: १५ मिनिटांच्या आत काही नाही, १५ ते ३० ला अर्धा तास, त्यापुढे पूर्ण तास. दुसऱ्या शिफ्टचा माणूस मध्यरात्रीनंतरही थांबला, तर ते तास आदल्या दिवसाच्या ड्युटीतच मोजायचे. पंचिंग मशीनने तारीख बदलून ते दोन दिवसांत तोडले, की दोन्हीकडे आठाच्या आत भरतात आणि ओटी शून्य दिसते.

पैसे हातात पडेपर्यंत

ओटीचे पैसे त्याच महिन्याच्या पगाराबरोबर, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. हजेरी २५ तारखेला बंद होत असेल तर उरलेल्या दिवसांची ओटी पुढच्या महिन्यात ढकलली जाते. ती किती, हे पगारपत्रकावर वेगळं दिसावं. ओटीवर पीएफ कापला जात नाही.

करार उशिरा होऊन मागील तारखेपासून लागू झाला, की फरकाच्या हिशोबात ओटी हमखास विसरली जाते. समजा बेसिक-डीएचा पाया १५,६०० वरून १७,६८० झाला. दर ७५ चा ८५, दुप्पट १५० चा १७०. महिन्याला १६ तासांप्रमाणे दहा महिन्यांचा ओटीचा फरक ३,२०० रुपये. 'सर्व फरकात ओटीचा फरक समाविष्ट' एवढं करारात असलं की पुरे. पण हिशोब पडताळायला जुन्या ओटी चिठ्ठ्या लागतात, म्हणून आपली प्रत फेकू नका.

आणि ठरलेली ओटी म्हणजे हमी नव्हे. ऑर्डर घटली की सर्वांत आधी बंद होते ती हीच, तेव्हा तिच्या भरवशावर घराचा हप्ता बसवू नये.