लो केलेल्या गाडीला रुंद चाकं बसवताना: आधी मोजा, मग पैसे द्या

पन्हाळ्याच्या चढावर एका अवघड उजव्या वळणात माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकातून करवत चालल्यासारखा आवाज आला. गाडीत आम्ही चौघं होतो. घरी येऊन चाक काढलं. लायनरला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला, तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि महिनाभरापूर्वीच्या टायरचा खांदा कापला गेला होता. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी, स्प्रिंग बदलून खाली बसवलेली, म्हणजे लो केलेली. चाकं मी फोटोत आवडली म्हणून घेतली होती, एकही माप घेतलं नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळं मोजून केलं, आणि आता त्या चाकांवर गगनबावड्यापर्यंत चार माणसं आणि सामान घेऊन निवांत जाता येतं. त्या वेळी जो क्रम पाळला, तोच इथे देतो आहे.

गाडी आधी लो, चाकं नंतर

दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. नवीन स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात. त्याआधी घेतलेलं माप पुढे खोटं ठरतं. गाडी बसली की सपाट फरशीवर उभी करा आणि चारही कोपऱ्यांत हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. टायरच्या वरची फट मोजू नका, कारण टायर बदलला की तीही बदलते. मग चार माणसं बसवून, डिकी भरून हेच माप पुन्हा घ्या. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे भरलेली गाडी किती खाली जाते ते. खड्ड्यात ती त्याहूनही खाली जाते.

रिमवरचे आकडे

जुन्या रिमच्या मागच्या बाजूला रुंदी आणि ऑफसेट कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६जे, ईटी४०. ६जे म्हणजे सहा इंच रुंदी, आणि ईटी४० म्हणजे ऑफसेट: रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग ४० मिलिमीटर बाहेरच्या बाजूला. ईटीचा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं.

आता हिशेब. सहाची सात इंच रिम घेतली की रुंदी २५.४ मिलिमीटरने वाढते, म्हणजे आत १२.७ आणि बाहेर १२.७. ईटी ४० वरून ३५ केला तर सगळं चाक ५ मिलिमीटर बाहेर सरकतं. म्हणून बाहेर १७.७ मिलिमीटर जास्त, आणि आत शॉकअपच्या दिशेने ७.७. मी पहिल्यांदा आणलेली चाकं ८जे, ईटी३० होती. त्यात चाक मूळ जागेपेक्षा ३५ मिलिमीटर बाहेर आलं होतं. वहीवर दोन मिनिटांत कळलं असतं.

बाहेर किती जागा आहे ते पाहायला मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि जुन्या रिमच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. आतल्या बाजूला टायर आणि शॉकअप यांच्यामधली फट मोजा. नवीन चाक बसल्यावर तिथे ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर तो ऑफसेट घेऊ नका. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) बसवले असतील तर स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या किती जवळ येते तेही पाहा.

बोल्टचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळलंच पाहिजे. पोलोचं ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ), ऑक्टाव्हियाचं ५ बाय ११२, स्विफ्टचं ४ बाय १००. दोन मिलिमीटरच्या फरकाने 'बसतंय की' म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर या. तिथे बोल्ट तिरका बसतो आणि धावताना सैल होतो.

मधलं भोकही महत्त्वाचं. पोलोच्या हबला ५७.१ मिलिमीटर लागतं, बाजारातल्या रिमचं भोक बहुधा त्यापेक्षा मोठं असतं. मधली फट भरायला हब रिंग नावाचं कडं हवं, नाहीतर चाक बरोबर मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. प्लॅस्टिकच्या रिंगा मिळतात. मी मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, लेथवर ॲल्युमिनियमच्या चार टर्न करून घेतल्या. हबचं आणि रिमच्या भोकाचं माप व्हर्निअरने घेऊन जा, हे काम तिथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

टायरचा आकार

माझा मूळ टायर १८५/६० आर१५. रुंदी १८५, तिच्या ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर उंचीची भिंत, दोन भिंती आणि १५ इंच मिळून बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर. नवीन टायरचा व्यास यापासून दोनेक टक्क्यांपेक्षा लांब जाऊ देऊ नका. २०५/५५ आर१६ सगळीकडे सहज मिळतो, पण त्याचा व्यास ६३२. लो केलेल्या गाडीत तो लायनरला घासणारच. २१५/४० आर१७ चा व्यास ६०४, कागदावर एकदम बरोबर. पण त्याची भिंत फक्त ८६ मिलिमीटर. पावसाळ्यानंतरचे आपल्या शहरातले रस्ते, त्यावरचे पट्टे न आखलेले स्पीडब्रेकर, आणि गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागे अचानक समोर येणारा खड्डा, हे सगळं त्या ८६ मिलिमीटरने सोसायचं. रिम वाकते, टायरला गाठ येते. म्हणून मी २०५/५० आर१६ घेतला: व्यास ६११, भिंत १०२. ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने कोल्हापुरात सोळा इंचांवरच थांबावं, हे माझं ठाम मत आहे. सतरा इंची चाक उभ्या गाडीला शोभतं, हे मान्य.

टायरवरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५. बनावटीची तारीख चार आकड्यांत असते, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

रिम ओतीव की फोर्ज्ड (दाबून घडवलेली), हे आपल्या फाउंड्रीवाल्या गावात वेगळं सांगायला नको. स्वस्त ओतकामात आत हवेची छिद्रं राहतात आणि तडा तिथूनच जातो. रिमवर कमाल भाराचा आकडा कोरलेला नसेल तर ती घेऊ नका. शक्य असेल तर काट्यावर ठेवून जुन्या रिमशी वजन ताडून पाहा. जड चाकाने गाडीचा उचल आणि ब्रेक दोन्ही मंदावतात.

टायर चढवण्याआधी

नुसती रिम हबवर बसवून पाहा. टायर एकदा चढला की दुकानदार रिम परत घेत नाही. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. रिम हाताने फिरवा. आरे आणि ब्रेक कॅलिपर यांत निदान ३ मिलिमीटर मोकळे हवेत. बॅलन्सिंगची चिकटवजनं आतून लागणार, त्यांचीही जागा धरा.

आता बोल्ट. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टचा टेकणारा भाग गोलाकार असतो, बाहेरच्या बहुतेक रिमला शंकूच्या आकाराचा लागतो. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो एका बारीक रेषेवर आणि पुढे सुटतो. रिमसोबत त्याच आकाराचे, योग्य लांबीचे बोल्ट घ्या. बोल्ट हाताने आत जाताना निदान सहा-सात पूर्ण फेरे बसले पाहिजेत. चांदणीसारख्या आलटून पालटून क्रमाने आवळा आणि चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा जोर टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) द्या. पोलोला १२० न्यूटन-मीटर लागतात, बाकी गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तिकेत असतो. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका.

शाडूची चाचणी

टायर चढवून बॅलन्सिंग झालं की लायनरवर आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर ओल्या शाडूचे लिंबाएवढे गोळे चिकटवा. चार माणसं बसवा. मोकळ्या जागी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी सावकाश फिरवा, मग एका स्पीडब्रेकरवरून तिरकी न्या, म्हणजे एकच चाक वर दाबलं जाईल. थांबून गोळे पाहा. शाडू जितका जाड उरला तितकी फट. कुठे टायर थेट पत्र्याला लागला असेल तर तिथे काम आहे.

पुष्कळदा लायनरचा एखादा स्क्रू किंवा पुढे आलेली घडी काढली की भागतं. मडगार्डची आतली कड रोल करायची, म्हणजे आत दुमडायची असेल तर रंग हीट गनने कोमट करून, थोडी थोडी वळवून करणारा माणूस शोधा. थंड पत्रा वळवला की रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. कड कापून टाकण्याचा सल्ला ऐकू नका.

नंतर व्हील अलाइनमेंट. लो केल्यावर टो (वरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) दोन्ही बदललेले असतात. टो चुकला असेल तर रुंद टायरची आतली कड काही महिन्यांत गुळगुळीत होते आणि वरून पाहताना दिसतही नाही. पोलोसारख्या गाडीत मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग बीम असतो, तिथे यंत्रावर फारसं काही फिरवता येत नाही. मागचे आकडे खूप बाहेर असतील तर आधी बीम तपासून घ्या.

कागद आणि पाऊस

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे. तुमच्या मॉडेलला कंपनीने कोणते टायर मान्य केले आहेत ते आधी पाहा. लो करण्याबद्दल आणि चाकांबद्दल आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. टायर मडगार्डच्या बाहेर येत असेल तर जोडणी चुकली आहे. मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखल उडतो, ते वेगळंच.

रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. जुलैत गगनबावड्याच्या रस्त्यावर हे पहिल्याच दिवशी जाणवतं. कायद्याने टायरच्या नक्षीची खाच झिजून १.६ मिलिमीटरपर्यंत आली तरी चालते, पण आपल्या पावसात मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि लायनरवर काळे ओरखडे उठले का ते टॉर्च लावून पाहा. मूळ गोल बोल्ट टाकून देऊ नका, पिशवीत घालून डिकीत ठेवा. स्टीलच्या स्टेपनीला तेच लागतात. रात्री आंबा घाटात पंक्चर झालं आणि हातात फक्त शंकूचे बोल्ट असले, तर स्टेपनी असूनही नीट बसवता येणार नाही.