एका ठोक्यात बार: सेटिंग लावताना मी काय बघतो

ऊस तोडणाऱ्याला विचारा. कोयता झटक्यात बसला तर बुडखा सपाट निघतो, रेटत बसलं की ऊस चिरफळतो. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शेडमधलं मशीन हायड्रॉलिक हॅमरच्या एका ठोक्यात बार कापतं. हेच काम ते ३० मिलीमीटरच्या ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) बारवर करतं. नवीन पोरगं मशीनवर आलं की पहिल्या दिवशी हमखास विचारतं, "मालक, प्रेशर फुल ठेवू काय?" नाही ठेवायचं. ह्या मशीनमधलं निम्मं बिघाडकाम फुल प्रेशरनंच होतं.

आधी कापतं कसं ते डोक्यात घ्या. बार दोन डायमधून (भोक असलेले कडक पोलादी ठोकळे) जातो, एक डाय घट्ट बसलेली, दुसरी सरकणारी. सरकत्या डायवर हॅमर आदळतो. धातू सरकवायला लागणारी बहुतेक ताकद उष्णतेत जाते. साध्या प्रेसवर ही उष्णता बारभर पसरायला वेळ मिळतो. इथं तो मिळत नाही, त्यामुळे ती एका पातळ थरात अडकते, तेवढाच थर मऊ पडतो आणि सगळं सरकणं तिथंच होतं. म्हणून पीस सपाट निघतो. पडलेला पीस हातमोजा घालून उचला (कड वस्तऱ्यासारखी असते, विसरू नका): आतला थर क्षणभर किती तापला असेल, पण अख्खा पीस जेमतेम कोमट लागतो.

म्हणजे खेळ वेगाचा आहे. १०० किलोचा हॅमर सेकंदाला ८ मीटरनं आला तर ठोका ३२०० ज्यूलचा. तोच ४ मीटरनं आला तर १६०० नाही, ८०० ज्यूल. नुसता वरून सोडून ८ मीटरचा वेग हवा असेल तर सव्वातीन मीटर उंची लागेल. म्हणून हायड्रॉलिकनं ढकलतात.

एवढा खटाटोप कशाला? हिशोब घाला. ३० चा बार, ४० मिलीमीटरचा पीस, वजन २२२ ग्रॅमच्या आसपास. करवतीच्या पात्यानं २ मिलीमीटर खाल्लं तर दर पिसाला ११ ग्रॅम किस. १०,००० पिसांना ११० किलो स्टील नुसतं झाडूत. इथं किस निघतच नाही.

आता सेटिंग. बार लावायच्या आधी मायक्रोमीटर घ्या आणि तीन ठिकाणी, दोन्ही बाजूंनी फिरवून मोजा. ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाचा) असेल तर डायचं भोक त्याच्यापेक्षा किंचितच मोठं ठेवतो, बार हातानं सरकायला हवा पण खुळखुळता कामा नये. काळा बार (गरम लाटलेला, माप थोडं कमीजास्त) असेल तर लॉटमधला सगळ्यात जाड बार धरूनच भोक ठरवावं लागतं, आणि मग पिसाच्या कडेला थोडी गोलाई येणार हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाका. दोन डायमधली फट फिलर गेजनं (फटीत घालायच्या पातळ पट्ट्यांचं माप) बघा. मी ०.१० मिलीमीटरपासून सुरुवात करतो. लांबीचा स्टॉपर ठोक्याआधी मागे सरकलाच पाहिजे, नाहीतर पीस मध्येच अडकतो आणि पुढचा ठोका स्टॉपरला बसतो. तो आवाज एकदा ऐकला की जन्मात विसरत नाही.

ताकद कशी ठरवायची? तुकड्यांवर मध्यम सेटिंगनं सुरू करा. अर्धवट कापला तर तिथंच दुसरा ठोका मारू नका. पहिल्या ठोक्यात तापलेला थर आजूबाजूच्या थंड धातूनं लगेच विझून कडक झालेला असतो, दुसऱ्या ठोक्यात पायरी पडते. बार पुढं घ्या, ताकद वाढवा, नव्या जागी मारा. सलग दहा पीस सुटून पडले की वर जेमतेम दहा-पंधरा टक्के द्या आणि नॉब सोडा. उरलेली ताकद बारला लागत नाही, डायला आणि फाउंडेशनला लागते.

मग पिसाचं कापलेलं तोंड वाचा. एकसारखं राखाडी, मंद तोंड: बरोबर. एका बाजूला चकचकीत चंद्रकोर आणि पुढं फाटल्यासारखं खडबडीत: वेग कमी पडलाय, मशीन प्रेससारखं वागतंय. कडेला जीभ लोंबतेय: फट मोठी झाली. तोंड तिरकं: बार मागून आधाराशिवाय लोंबतोय. नरम ॲल्युमिनियम आणि तांबं उष्णता लगेच पळवतात, तिथं स्टीलसारख्या तोंडाची आशा धरू नका. आणि लेथवाल्याला सांगून ठेवा, तोंडावर पातळ कडक थर असतो, पहिला कट त्याच्या खाली घ्यायचा. नाहीतर इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं) उडाले की शिव्या आपल्यालाच.

फाउंडेशनवर मी पैसे वाचवले होते. पहिल्या महिन्यात शेजारच्या शेडमधला माणूस ग्राइंडिंग केलेला जॉब हातात घेऊन आला, त्यावर आमच्या प्रत्येक ठोक्याची रेघ. काही न बोलता जॉब टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेला. तोडफोड करून खाली वजनदार काँक्रीटचा ठोकळा आणि रबरी पॅड घालावे लागले. आधी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

अ‍ॅक्युम्युलेटरची गोष्ट मात्र गंमत नाही. ही तेल दाबाखाली साठवणारी टाकी, मशीन बंद असलं तरी तिच्यात दाब भरलेला असतो. कुठलाही पाइप सोडायच्या आधी तेलाचा दाब उतरवा, गेज शून्यावर बघा. आत नायट्रोजनच भरायचा. शेडमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारी उभा असतो म्हणून तो कधीही लावायचा नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

हाच ठोका लोखंडाची पावडर डायमध्ये दाबून पीस करायलाही चालतो, पण तिथं घाई नडते. फाउंड्रीत वाळू ठोकून झाली की मोल्डर व्हेंट (बारीक भोकं) मारतो, कारण हवेला वाट लागते. पावडरचंही तेच. सैल लोखंडी पावडर घनसेंटीमीटरला ३ ग्रॅमच्या आसपास भरते, आपल्याला ७ च्या वर न्यायची असते, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा हवेची. सैल पावडरवर थेट ठोका मारला की हवा आत कोंडते आणि पीस पापुद्र्यासारखा फुटतो. म्हणून आधी पंच (वरून दाबणारा दांडा) हळू उतरवून हलकं दाबा, मग ठोका. भरणी डोळ्यानं नको, तराजूवर करा. आणि डाय रिकामी असताना ठोका कधीच नाही, पंच जातो.

कोल्हापूरचा जुलै पावडरला मानवत नाही. दमट पावडर हॉपरमध्ये गाठी धरते. रोज सकाळी ५० ग्रॅम पावडर फ्लोमीटरच्या नळकांड्यातून सोडून किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. कालच्यापेक्षा जास्त लागले तर तो ड्रम बाजूला. डायमधून निघालेला पीस भट्टीत जाईपर्यंत बिस्किटासारखा ठिसूळ असतो, दोन बोटांनी कड धरून उचलू नका. खालून तळहात लावा आणि ट्रेमध्ये सरकवा, एकावर एक नको.