पेशी आणि रेणूंचं जीवशास्त्र: इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

बारावीला पीसीएम घेऊन जीवशास्त्राला रामराम ठोकलेला विद्यार्थी बायोटेक, बायोमेडिकल किंवा केमिकल इंजिनिअरिंगला आला की पेशी पुन्हा समोर येऊन उभी राहते. इथे सगळं पाठ करायचं असा त्याचा समज असतो. मग मायटोकॉन्ड्रिया आणि रायबोसोमच्या व्याख्या घोकल्या जातात आणि आकडेमोडीची सवय, म्हणजे त्याची खरी ताकद, बाजूला पडते. व्याख्या बहुतेकांच्या बरोबर येतात. मार्क जातात ते एककात, डीएनएच्या धाग्याच्या दिशेत आणि न लावलेल्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यात.

सांद्रता लिहिली, रेणू मोजले नाहीत

ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीचं आकारमान साधारण १ घन मायक्रोमीटर, म्हणजे १ फेम्टोलिटर. एवढ्या जागेत एकच रेणू असला तरी त्याची सांद्रता होते १.६६ नॅनोमोलर. गणितात ०.१ नॅनोमोलर असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ पेशीमागे ०.०६ रेणू, म्हणजे शंभर पेशींपैकी सहा पेशींत एकेक आणि बाकीच्या रिकाम्या. पीएच ७ धरून सुटे हायड्रोजन आयन मोजले तर ते अख्ख्या पेशीत साठच्या आसपास भरतात.

नीट ढवळलेल्या रिॲक्टरसाठी शिकलेली डिफरन्शियल समीकरणं इथे फक्त सरासरी सांगतात. एकेका पेशीचं वागणं त्यांतून कळत नाही. लॅक रिप्रेसर या जनुक बंद ठेवणाऱ्या प्रथिनाचे तर पेशीत दहाच्या आसपासच टेट्रामर (चार तुकड्यांचे संच) असतात. अशा ठिकाणी विरळ घटनांची शक्यता सांगणारं पॉइसॉन वितरण किंवा एकेक अभिक्रिया यादृच्छिकपणे चालवून पाहणारा गिलेस्पीचा अल्गोरिदम लागतो. सांद्रता १०० नॅनोमोलरच्या खाली दिसली की आधी रेणूंची संख्या काढायची, मग मॉडेल निवडायचं.

दोन आकडे कायम हाताशी ठेवा: डीएनएच्या एका बेसजोडीचं वजन सुमारे ६५० डाल्टन, प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचं सुमारे ११०. एक हजार बेसजोड्यांच्या जनुकातून ३३३ अमिनो आम्लं, म्हणजे ३७ किलोडाल्टनचं प्रथिन बनतं. तीनने भागायचं राहिलं की उत्तर ११० किलोडाल्टन येतं आणि विद्यार्थी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर भलत्याच जागी बँड (पट्टा) शोधत बसतो.

वाढीचा दर

जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो, तर दर किती? बरेच जण ताशी ३ लिहितात. ताशी ३ दुपटी होतात हे खरं, पण घातांकी वाढीच्या सूत्रात जाणारा दर म्हणजे ०.६९३ भागिले एक तृतीयांश तास, ताशी २.०८. ताळा सोपा आहे: तीन दुपटींनी संख्या ८ पट व्हायला हवी, ३ हा दर घातला तर ती २० पट होते.

याच आकड्यात तोंडी परीक्षेचा एक आवडता प्रश्न दडलेला आहे. ई. कोलायच्या गुणसूत्रात ४६ लाख बेसजोड्या आहेत. एका जागेपासून दोन्ही बाजूंना, सेकंदाला सुमारे १००० बेस या वेगाने प्रत बनते. म्हणजे पूर्ण प्रतीला ३८ मिनिटं लागतात. मग पेशी २० मिनिटांत दुभंगते कशी? कारण पहिली प्रत पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू झालेली असते. जन्मणाऱ्या पेशीला अर्धवट प्रत झालेलं गुणसूत्र वारशानेच मिळतं. हे न समजता "प्रत, मग विभाजन, मग पुन्हा प्रत" असा फ्लोचार्ट काढणारे इथे अडकतात.

ओडी ६०० (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात कल्चर, म्हणजे माध्यमात वाढवलेले जिवाणू, किती गढूळ दिसतं त्याचं माप) मोजताना ०.५ च्या वर वाचन गेलं की माध्यम घालून पातळ करा, पुन्हा मोजा आणि गुणा. कल्चर प्रकाश शोषत नाही, विखुरतो. दाट कल्चरमध्ये ही रेषा वाकते आणि यंत्र खरी संख्या कमी दाखवतं.

नर्न्स्टच्या समीकरणातला लॉग

हे समीकरण पेशीच्या आतबाहेरच्या आयनांच्या सांद्रतेवरून पटलावरचा व्होल्टेज देतं. त्यातला लॉग ही इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांची हमखास चूक. ३७ अंशांना ६१.५ मिलिव्होल्ट हा गुणक १० पायाच्या लॉगसाठी आहे, नॅचरल लॉगसाठी २६.७. पोटॅशियम आत १४० आणि बाहेर ५ मिलिमोलर असेल तर उत्तर −८९ मिलिव्होल्ट. −२०५ आलं तर लॉग चुकला. कॅल्शियमला दोनने भागायचं विसरू नका.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे: चेतापेशीचा व्होल्टेज बदलला म्हणजे आतबाहेरच्या सांद्रता बदलल्या. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घ्या. पटलाची धारिता चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोफॅरॅड धरली तर पेशीची भरते १२.६ पिकोफॅरॅड. १०० मिलिव्होल्टच्या बदलाला सुमारे ७९ लाख आयन पुरतात. आत पोटॅशियमचे आयन आहेत ३५ हजार कोटींच्या घरात. म्हणजे ४५ हजारांत एक हलला. सांद्रता जागच्या जागी आहे.

धाग्याची दिशा

प्राइमर (प्रत जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) नेहमी ५′ कडून ३′ कडे लिहायचा (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं), आणि उलटा प्राइमर म्हणजे पूरक क्रम उलटा फिरवून. जनुकाचं शेवटचं टोक असं आहे असं समजा: ५′ जीजीए टीटीसी एसीसी टीएजी ३′. पुष्कळ जण नुसता पूरक क्रम काढतात, सीसीटी एएजी टीजीजी एटीसी, आणि तोच ऑर्डर करतात. बरोबर क्रम आहे सीटीए जीजीटी जीएए टीसीसी. (उदाहरणात १२ बेस घेतले आहेत. प्रत्यक्षात १८ ते २५ लागतात.) चुकीचा प्राइमर आला की दुरुस्ती नाही, पुन्हा मागवावा लागतो.

रिस्ट्रिक्शन साइट (एन्झाइम जिथे डीएनए कापतं तो क्रम) जोडायची तर ती ५′ टोकाला, आणि तिच्याही बाहेर ४ ते ६ जास्तीचे बेस. अगदी टोकावरची साइट एन्झाइमला नीट पकडता येत नाही. मेल्टिंग तापमान (ज्याला प्राइमर सुटतो ते) काढताना ही शेपूट धरू नका. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवण्याच्या प्रक्रियेच्या, पहिल्या चक्रात टेम्प्लेटला (ज्याची प्रत काढायची त्या डीएनएला) फक्त जुळणारा भाग चिकटतो.

मानवी जनुक जिवाणूत घालायचं असेल तर गुणसूत्रावरचा क्रम उचलून चालत नाही. इंट्रॉन, म्हणजे जनुकातले प्रथिन न बनवणारे तुकडे, जिवाणू कापून काढत नाही. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला, इंट्रॉन नसलेला डीएनए) घ्या किंवा कोडिंग क्रम कृत्रिमरीत्या बनवून घ्या.

पीसीआर: बँड आला नाही, आता?

आधी मिश्रण तपासू. २५ मायक्रोलिटरला १०× बफर २.५ (त्यात १५ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेला), प्रत्येकी १० मिलिमोलरचं डीएनटीपी (डीएनएचे चार सुटे घटक) मिश्रण ०.५, १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्राइमर प्रत्येकी ०.५, टेम्प्लेट १, टॅक पॉलिमरेज (प्रत बनवणारं एन्झाइम) ०.१२५, बाकी पाणी १९.८७५.

यात तीन सापळे आहेत. ०.१२५ मायक्रोलिटर कुठल्याच नेहमीच्या पिपेटने धड उचलता येत नाही. ८ नळ्या असतील तर ९ नळ्यांचं मास्टर मिक्स करा आणि टेम्प्लेट शेवटी वेगवेगळं घाला. डीएनटीपीच्या बाटलीवर १० मिलिमोलर "प्रत्येकी" आहे की "एकूण", हे वाचा. एकूण असेल तर तुम्ही चौथाई माल घातलात. उलट हात सैल सोडून जास्त घातलं तर ते मॅग्नेशियमला बांधून ठेवतं आणि एन्झाइम उपाशी राहतं. तिसरा सापळा प्राइमरचा: तो सुकी पावडर म्हणून येतो. नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर पावडर झाकणासोबत उडते. लेबलवर २५ नॅनोमोल असेल तर २५० मायक्रोलिटर पाणी घाला, १०० मायक्रोमोलरचा स्टॉक होतो. तो दहापट पातळ करूनच वापरायचा. स्टॉक थेट घातला की प्राइमर एकमेकांनाच चिकटतात.

एन्झाइम फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये ठेवू नका. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आपणहून गरम होतो.

आता जेल वाचा, म्हणजे पीसीआरचा डीएनए विजेने आकारानुसार वेगळा झाल्यावर दिसणारे पट्टे. लॅडर (माहीत आकारांच्या तुकड्यांची मोजपट्टी), तीही दिसत नसेल तर पीसीआरला दोष देऊ नका, आधी स्टेन (डीएनए दाखवणारा रंग) आणि जेल तपासा. लॅडर आहे, पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास चालणारा नमुना) आला, पण तुमचा नमुना कोरा: टेम्प्लेटमध्ये अडथळा आणणारं काहीतरी आहे, ते दहापट पातळ करून पुन्हा लावा. कमी उत्पादन म्हणून टेम्प्लेट वाढवत नेणं ही इथली नेहमीची उलटी चाल, त्याने अडथळाही वाढतो. पॉझिटिव्ह कंट्रोलही कोरा असेल तर एखादा घटक राहिला किंवा प्रोग्रॅम चुकला. टॅकला दर हजार बेसजोड्यांना ७२ अंशांवर एक मिनिट लागतं. दोन हजारांच्या तुकड्याला ३० सेकंद देणारा प्रोग्रॅम कुणीतरी आधी लावून ठेवलेला असतो आणि तोच चालवला जातो.

लांबच लांब धूसर पट्टा आला तर टेम्प्लेट जास्त किंवा ॲनीलिंग (प्राइमर चिकटण्याचं) तापमान कमी. तापमान २ अंशांनी वाढवत जा. शंभर बेसजोड्यांच्या खाली फिकट बँड म्हणजे प्राइमर-डायमर, एकमेकांना चिकटलेले प्राइमर. आणि टेम्प्लेट नसलेल्या कंट्रोलमध्ये योग्य आकाराचाच बँड दिसला तर त्या दिवसाचा सगळा निकाल रद्द. पाणी, प्राइमर, बफर यांचे छोटे भाग टाकून नवे घ्या, आणि पीसीआर झाल्यावरच्या नळ्या मिश्रण बनवायच्या टेबलावर उघडू नका.

"३० चक्रं म्हणजे २ चा ३० वा घात, शंभर कोटी पट" हे उत्तर वहीत ठीक. कार्यक्षमता ९० टक्के धरली की ते २३ कोटींवर येतं, आणि शेवटच्या चक्रांत वाढ तशीही मंदावते.

जेलवर उलटी वायर

इलेक्ट्रिकलच्या मुलांना चालू बॅटरीचा ॲनोड ऋण असल्याचं आठवतं, म्हणून ते वायर उलट लावतात. जेलची टाकी बॅटरी नाही, ती बाहेरून वीज घेते. इथे ॲनोड धन, लाल. डीएनए ऋणभारित. वेल (नमुना भरायचे खड्डे) काळ्या टोकाकडे, धाव लाल टोकाकडे.

इलेक्ट्रोडमधलं अंतर १४ सेंटीमीटर असेल तर ७० व्होल्ट पुरे. जेल चुकून पाण्यात बनवलं तर डीएनए जेमतेम सरकतो, १०× बफर तसाच ओतला तर जेल तापून वितळतं. १००० आणि २००० च्या बरोबर मध्ये आलेला बँड १५०० चा नसतो, १४०० च्या जवळपास असतो, कारण अंतर आकाराच्या लॉगशी जुळतं.

न कापलेल्या प्लाझ्मिडचा (जिवाणूतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएचा) आकार लॅडरवरून काढू नका. पीळ बसलेला वर्तुळाकार रेणू सरळ रेणूपेक्षा पुढे पळतो, एका धाग्याला चीर गेलेला मागे राहतो. शुद्ध प्लाझ्मिडलाही दोन-तीन बँड दिसतात. ती भेसळ नव्हे.

ट्रान्सफॉर्मेशन

ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे जिवाणूत बाहेरून प्लाझ्मिड घालणं. १ नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, पेशी आणि माध्यम मिळून ५०० मायक्रोलिटर, त्यातले १०० प्लेटवर पसरले, ८० कॉलनी आल्या. कार्यक्षमता, म्हणजे प्लाझ्मिडच्या मायक्रोग्रॅममागे कॉलनी किती? प्लेटवर गेला ०.२ नॅनोग्रॅम. म्हणून मायक्रोग्रॅममागे ४ लाख. ८० हजार हे चुकीचं उत्तर दर बॅचला येतं.

अँपिसिलिन (प्लाझ्मिड नसलेल्या पेशी मारणारं प्रतिजैविक) ॲगर, म्हणजे प्लेटमधलं माध्यम, ५० अंशांपर्यंत निवल्यावरच घाला, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. प्लेट दोन दिवस इनक्युबेटरमध्ये विसरली की मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलनींचं वर्तुळ दिसतं. मोठीने सोडलेल्या बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमने आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलं, म्हणून त्या जगल्या. त्यांच्यात प्लाझ्मिड नाही, त्या उचलू नका.

दोन कंट्रोल प्लेटा प्रत्येक वेळी हव्यात. बिनप्लाझ्मिडच्या पेशी साध्या प्लेटवर: त्या उगवल्या नाहीत तर प्लाझ्मिड आत शिरावं म्हणून दिलेल्या ४२ अंशांच्या धक्क्यातच पेशी मेल्या. ३० ते ४५ सेकंद पुरतात, त्यापुढे जाऊ नका. त्याच पेशी अँपिसिलिनच्या प्लेटवर: तिथे उगवल्या तर अँपिसिलिन निकामी आहे, आणि मुख्य प्लेटवर कितीही कॉलनी असल्या तरी त्या मोजण्यात अर्थ नाही.