पॅनेल सुटू नये म्हणून पत्र्यावर आधी पाणी ओता

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. बावीस वर्षं मी इथे सँडविच पॅनेलचं, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम चिकटवायचं, काम करते आहे, आणि बुधवारी संध्याकाळी घासलेला पत्रा शुक्रवारी चिकटवू देत नाही. एकदा चिकटवू दिला होता. जुलै महिना, अँब्युलन्सच्या आतल्या पार्टिशनची चौदा पॅनेलं, पार्टीची घाई. पोरांनी बुधवारी पत्रे घासून, पुसून थप्पी लावली आणि शुक्रवारी सकाळी आल्या आल्या इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून करायचा चिकट, लावून प्रेसखाली घातले. दोन महिन्यांनी चाकणहून एक पॅनेल परत आलं, मधोमध पुरीसारखं टम्म फुगलेलं. कोपऱ्यात पटाशी घातली तर पत्रा अख्खा निघून हातात आला. सगळं इपॉक्सी फोमवर आणि पत्र्याची आतली बाजू कोरी. पॉलिश पेपरचे ओरखडेसुद्धा एकेक मोजावेत इतके स्वच्छ. म्हणजे जोड तुटला नव्हता, तो लागलाच नव्हता.

या कामात नवीन उतरणाऱ्यांसाठी आमच्या शॉपची पद्धत सांगते. आमचं नेहमीचं पॅनेल म्हणजे दोन्ही बाजूंना १ मिमी ॲल्युमिनियम आणि मध्ये २५ मिमी पीईटी फोम. हा फोम आता वापरलेल्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासूनही मिळतो. तेच दोन पत्रे एकमेकांवर चिकटवले तर २ मिमीचा पत्रा होतो. त्यांच्यामध्ये २५ मिमी अंतर आणलं की हिशेबाने ताठपणा सुमारे पाचशेपट वाढतो. फोम थोडा सरकतो म्हणून प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, तरी फरक हाताला कळतो. पण हा सगळा ताठपणा इपॉक्सीच्या पाव मिलिमीटर थरावर उभा आहे. तो सुटला की उरतात दोन लवलवते पत्रे.

आधी तेल काढा, मग घासा. हा क्रम उलटा झाला की पेपर तेलाला ओरखड्यांच्या आत नेऊन बसवतो. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ड्रममधलं परत परत वापरलेलं थिनर नको, त्यात आधीच्या दहा पत्र्यांचं तेल असतं. डब्यात चिंधी बुडवायची नाही, चिंधीवर ओतायचं. एका ओल्या पांढऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलून घ्यायचं. लादी पुसल्यासारखं गोल गोल फिरवलं तर घाण नुसती जागा बदलते. कॉटन वेस्ट तर या टेबलाजवळ येऊच देऊ नका. मग १८० नंबरच्या पेपरने आडवं-उभं घासायचं, चकाकी पूर्ण जाईपर्यंत, आणि पुन्हा तसंच पुसायचं. शॉपमध्ये कुठेही सिलिकॉन स्प्रे मारत असतील तर तो आधी बंद करा. वाऱ्याबरोबर तो कुठवर जाऊन बसतो हे डोळ्यांना दिसत नाही.

आता पाणी. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, पत्रा तिरका धरा आणि वरून ओता. पाण्याची अखंड चादर अर्धा मिनिट टिकली तर पत्रा स्वच्छ. मध्येच पाणी फाटून मागे सरकलं, कमळाच्या पानावर जमतात तसे थेंब जमले, तर तिथे अजून तेलकटपणा आहे. एकदा नव्या पोराने तीन वेळा पुसलेल्या पत्र्यावर पाणी ओतलं आणि मधोमध पाच बोटांचा ठसा उमटला. पत्रा उचलताना कोणाचा तरी उघडा हात लागला होता. तो म्हणाला, "ताई, हे तर डोळ्यांना दिसतच नव्हतं." त्या दिवसापासून त्याला ग्लव्हज घाल म्हणून सांगावं लागलेलं नाही. चाचणी झाली की पत्रा पूर्ण वाळवा आणि मगच पुढे जा.

घासल्यावर दोन तासांत चिकटवायचं, हा आमचा नियम. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेचच येतं आणि इपॉक्सी त्यालाच धरतं. पण पत्रा उघडा राहिला की त्यावर ओल, धूळ, मशीनच्या तेलाचा धूर बसतो, आणि आपल्या पावसाळ्यात हे फार भराभर होतं. ज्या पॅनेलला बाहेर पाऊस खायचा आहे, त्याच्या पत्र्याला इपॉक्सीआधी सिलेन प्रायमरचा पातळ हात लावाच. इपॉक्सी आणि पत्रा यांच्यामध्ये शिरणाऱ्या पाण्याला तो अडवतो. खर्च वाढतो, पण इथे पैसे वाचवू नका.

पावसाळ्यात आणखी एक बघा. हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की २३ अंशांच्या आसपास दव पडतं. रात्रभर फरशीवर पडलेली पत्र्यांची थप्पी सकाळी तेवढीच थंड असते. शटर उघडलं, बाहेरची दमट हवा आत आली की पत्र्यावर न दिसणारा ओलावा बसतो. माझ्या त्या चौदा पॅनेलांचं बहुतेक हेच झालं होतं. म्हणून पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. आर्द्रतामापक आणि इन्फ्रारेड थर्मामीटर भिंतीलाच टांगलेले आहेत.

फ्रीजरमध्ये ठेवायचं फिल्म ॲडहेसिव्ह, म्हणजे पातळ पट्टीच्या रूपातला चिकट, वापरत असाल तर त्याची पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. घाईने उघडलीत तर दव थेट फिल्मवर पडतं. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडत्या विमानात फाटून गेलं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाचे पत्र्यांचे जोड अशाच थंड साठवायच्या इपॉक्सीच्या पट्टीने चिकटवले होते. चिकटपणा सुटला, आत पाणी शिरून गंज धरला, सगळा भार रिवेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपासून चिरा गेल्या. आपण विमानं करत नाही, पण पाणी इथेही तसंच शिरतं.

मिश्रण वजनावर करा, अंदाजाने नाही. पॉलिस्टरच्या एफआरपी (फायबर ग्लासच्या) कामातून आलेल्या कारागिरांना हार्डनर जास्त घातला की लवकर बसतं अशी सवय असते. इपॉक्सीत तसं चालत नाही. इथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणातच जोडले जातात, जास्तीचा हार्डनर आत मोकळाच राहतो आणि थर कमजोर होतो. डब्यावर जे प्रमाण छापलंय तेच. तळाशी आणि कडेला खरवडत ढवळा. आणि बादलीत साठवून ठेवू नका, कालवलेलं इपॉक्सी स्वतःच तापतं. मे महिन्यात तर पसरट ट्रेमध्ये लगेच ओता, नाहीतर अर्धं बादलीतच दगड होईल.

खाचांच्या पट्टीने पत्र्यावर पसरा, आमचा हिशेब चौरस मीटरला ३०० ग्रॅम. फार दाबलं तर सगळं इपॉक्सी कडेने बाहेर येतं आणि जोड उपाशी राहतो. म्हणून आम्ही त्यात पाव मिमीचे काचेचे बारीक मणी मिसळतो, ते थराची जाडी धरून ठेवतात. फोमची धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, फुंकर मारू नका.

दाबासाठी आम्ही व्हॅक्यूम बॅग वापरतो, म्हणजे पॅनेलवर प्लास्टिक सील करून आतली हवा पंपाने ओढतो आणि बाहेरची हवा पॅनेल दाबते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्या गेजवर पाऱ्याचे ७६० मिमी कधीच येणार नाहीत, ७०० च्या वर काटा गेला की पुष्कळ. नव्या माणसाला वाटतं पंप बिघडला. तसं नाही, इथली हवाच तेवढी. अर्धा बार व्हॅक्यूम म्हणजे चौरस मीटरला पाच टन वजन, एवढं फोमला पुरतं. नंतर पंप बंद करून कान द्या. सीलच्या कडेला बारीक सी-सी आवाज आला तर तिथे टेप नीट बसलेली नाही.

चोवीस तासांनी पॅनेल कडक लागतं, पण काम तिथे संपत नाही. नुसत्या खोलीच्या तापमानाला बसलेलं इपॉक्सी तापल्यावर मऊ पडतं, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या बसच्या छताला हात लावून बघा. बाहेर जाणारं प्रत्येक पॅनेल आम्ही ६० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवतो. त्याने त्याची उष्णता सोसायची ताकद वाढते.

नव्या ॲडहेसिव्हांबद्दल पोरं नेहमी विचारतात. मिथाक्रिलेट काही मिनिटांत बसतं आणि थोडा तेलकट पत्राही सोसतं, पण वास उग्र, पेट घेणारं, आणि थर्माकोलसारखा फोम वितळवतं. मी ते फक्त ब्रॅकेट लावायला वापरते. पॉलियुरेथेन स्वस्त आहे, मोठ्या पॅनेलला चांगलंही आहे, पण ओल मिळाली की आत बुडबुडे धरतं. मोठ्या पॅनेलला मी रबराचे कण घातलेलं टफ इपॉक्सी घेते. साधं इपॉक्सी सरकवणाऱ्या जोराला भक्कम आणि सोलणाऱ्या जोराला कच्चं असतं. रबराचे कण चीर पुढे जाताना अडवतात.

हातांचं सांगायचं राहिलं. नायट्राइल ग्लव्हजशिवाय इपॉक्सीला हात नाही, आणि लागलंच तर थिनरने धुवायचं नाही, साबणाने. त्वचेला एकदा इपॉक्सीची ॲलर्जी बसली की ती जन्मभर जात नाही. आमच्याकडचा एक चांगला कारागीर त्यामुळे हे काम सोडून गेला. त्याला दोन बोटांत फोड यायला लागले तेव्हाच मी थांबवायला हवं होतं.

प्रत्येक पॅनेलबरोबर त्याच पत्र्याची, त्याच मिश्रणाची हातभर पट्टी बनवा. पॅनेल नाण्याने वाजवून तपासा, भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी ठप्प. पण शेवटचा निकाल पट्टीचा. तिच्यावर मार्करने तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता लिहा आणि दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये धरून पत्रा सोला. पत्रा कोरा निघाला तर त्या दिवसाचं एकही पॅनेल गेटबाहेर जात नाही, पार्टी कितीही फोन करो. मागच्या शुक्रवारची पट्टी माझ्या टेबलावर आहे. सोलताना फोमच फाटला, आणि पत्र्यावर बोटभर जाड फोम अजून घट्ट बसलेला आहे.