कपाटाच्या दारांना लाकूड कोणतं?

बेळगावात, त्यातही खानापूरकडे, कपाटाच्या दाराची खरी परीक्षा जुलैत होते. मे महिन्यात घट्ट मापानं बसवलेलं दार पावसात फुगतं आणि ओढल्याशिवाय उघडत नाही. आमच्या देवघराच्या कपाटाचं तसंच झालं होतं. मिस्त्रीनं रंधा मारून दिला, मग उन्हाळ्यात तिथंच बोटभर फट!

लाकूड आडव्या अंगानं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून भरीव लाकडाचं दार अखंड फळीचं करू नका. चौकट करून मधली फळी खाचेत सैल बसवा, तिला फेविकॉल अजिबात लावायचा नाही.

लाकडात सागवान पहिला, कारण तो कमी हलतो आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. पण वखारीत फळी उलटून बघा. कडेला पांढरट पट्टा असेल तर तो भाग भुंग्याला आवडतो. तेवढा कापून टाकायला सांगा. बजेट कमी असेल तर जुन्या घराच्या तुळया, चौकटी मोडीत मिळतात. मुरलेलं लाकूड, फक्त खिळे शोधून काढायचे.

स्वयंपाकघरात सिंकखाली मात्र मी सागवानाचाही हट्ट धरणार नाही. तिथं आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लायवूड घ्या, दाराला १८ मिलिमीटर. शिक्क्यावर भरवसा नसेल तर तुकडा मागून घ्या, तासभर पाण्यात उकळा. थर सुटले की दुकान बदला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तिथं नकोच. कड एकदा ओली झाली की भाकरीसारखी फुगते.