पोलिसांच्या बळाविरुद्ध दावा लावण्याची तयारी : आधी नोटीस

अमेरिकेत निदर्शनाच्या वेळी पोलिसांनी केलेल्या मारहाणीबद्दल दिवाणी दावा लावायचा असेल, तर त्याच दिवशी एक तारीख लिहून भिंतीवर लावावी : संबंधित शहराला दाव्याची लेखी नोटीस देण्याची शेवटची तारीख. न्यूयॉर्क राज्यात ही मुदत घटनेपासून ९० दिवसांची आहे, कॅलिफोर्नियात ६ महिन्यांची; इतरत्र वेगळी असेल, ती स्वतः शोधून काढावी. माझे मनगट दंडुक्याने मोडले तेव्हा मी बाकी सारे वेळेवर केले आणि नेमके हेच केले नाही.

जखमांचे फोटो, दवाखान्याचे कागद, साक्षीदारांचे फोन नंबर हे कोणालाही सुचते. त्यात एवढीच भर घालतो की, वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक गडद होतात, म्हणून फोटो रोज काढावेत. आणि डॉक्टरांना नुसते ‘हाताला लागले’ असे न सांगता कोणी, कशाने, किती वेळा मारले ते नोंदवून घ्यावे. व्हिडिओची मूळ फाईल जशीच्या तशी जपावी. पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण ठरावीक काळाने पुसले जाऊ शकते, त्यामुळे ते राखून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या आठवड्यातच पाठवावी. समाजमाध्यमांवर घटनेविषयी नवे काही लिहू नये आणि जुने लिहिलेले पुसूही नये. पुसलेली नोंद पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेते.

आता नोटिशीकडे येतो. सरकारी अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क मोडल्यास त्याच्यावर दावा लावू देणारे संघीय कायद्याचे कलम १९८३ हे १८७१ च्या नागरी हक्क कायद्यातून आले आहे; त्याखालील दाव्याला अशी नोटीस लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फेल्डर विरुद्ध केसी या प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे. हे मी वाचले होते आणि त्यावरच विसंबून राहिलो. पण त्याच घटनेतून राज्याच्या कायद्याखाली मारहाणीचा स्वतंत्र दावा उभा राहतो, आणि त्याला नोटीस लागते. हा दुसरा दावा सोडून देणे परवडत नाही, कारण कलम १९८३ खाली एका पोलिसाने मारले म्हणून शहर आपोआप जबाबदार ठरत नाही. १९७८ च्या मोनेल निकालापासून शहराचे धोरण, रूढ प्रथा किंवा प्रशिक्षणातील अक्षम्य हयगय सिद्ध करावी लागते, आणि मारणारा पोलीस ‘क्वालिफाइड इम्युनिटी’चा, म्हणजे अधिकाऱ्यांना अशा दाव्यांपासून मिळणाऱ्या मर्यादित संरक्षणाचा, आधार घेऊन, हक्क पूर्वीच्या निकालांतून स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नव्हता, असे म्हणून सुटू शकतो. राज्याच्या कायद्याखालील मारहाणीच्या दाव्यात मात्र, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत, नोकराच्या कृत्याबद्दल मालक म्हणून शहराला जबाबदार धरता येते. माझ्याकडे हा दुसरा रस्ता उरला नव्हता. पोलिसाला संरक्षण मिळाले, शहराचे धोरण मला सिद्ध करता आले नाही, आणि दावा संपला.

मी गाफील होतो असेही नाही. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाकडे मी सविस्तर तक्रार दिली होती, तिची पोच माझ्याकडे होती, माझा जबाबही झाला होता; त्यामुळे शहराला सर्व काही कळले आहे असे मी धरून चाललो. तक्रार म्हणजे नोटीस नव्हे. जबाब म्हणजे नोटीस नव्हे. वर्तमानपत्रातली बातमी, महापौरांना लिहिलेले पत्र, वकिलांशी सुरू असलेली बोलणी, यांतले काहीही नोटीस नव्हे. नोटिशीत घटनेची वेळ, ठिकाण, प्रकार आणि इजा लिहून ती कायद्याने नेमलेल्या कार्यालयातच द्यावी, पोच घ्यावी, आणि घटनास्थळी शहर, काउंटी व राज्य अशा तिन्हींचे पोलीस असतील तर प्रत्येकाला वेगळी द्यावी. उशिरा नोटीस देण्याची परवानगी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नये. माझा अर्ज फेटाळला गेला. मारणारे संघराज्याचे अधिकारी असतील तर रस्ताच वेगळा आहे : २ वर्षांच्या आत संबंधित खात्याकडे लेखी मागणी करावी लागते.

अटक होऊन फौजदारी आरोप लागला असेल, तर घरी लवकर जाता यावे म्हणून गुन्हा कबूल करू नये. १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्री निकालानुसार, जो दावा उभ्या असलेल्या दोषसिद्धीला खोटे ठरवील तो चालत नाही. ‘दावा लावणार नाही असे लिहून द्या, आरोप मागे घेतो’ असा प्रस्ताव आला तर वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नये. असे करारनामे ग्राह्य धरता येतात, हे १९८७ पासून ठरलेले आहे.

मारणाऱ्याचे नाव किंवा बिल्ला क्रमांक लवकर शोधावा. ‘अज्ञात अधिकारी’ म्हणून दावा दाखल करता येतो, पण मुदत संपल्यावर त्या जागी खरे नाव घालणे अनेक संघीय न्यायालये मान्य करत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये कलम १९८३ साठी ३ वर्षे मिळतात, कॅलिफोर्नियात २.

पुढचे थोडक्यात. वकिलांशी फीचा करार लेखी करावा. कलम १९८३ चा दावा जिंकल्यास संघीय कायद्याच्याच कलम १९८८ खाली प्रतिपक्षाकडून वकिलांची फी मिळू शकते. शपथेवरील उलटतपासणीपूर्वी स्वतःचे टिपण वाचून जावे. तडजोडीची घाई करू नये : डेन्व्हरमध्ये २०२० च्या निदर्शनांतील १२ जणांना ज्यूरीने १ कोटी ४० लाख डॉलर दिले, ते मार्च २०२२ मध्ये.

आणि हे वाचताना घटनेला दोन महिने उलटून गेले असतील, तर बाकीची यादी बाजूला ठेवावी आणि आज नोटीस द्यावी.